सहाच विजय, म्हणे!

२०२४च्या डिसेंबरात मेलबर्न कसोटीत ऋषभ पंत तोल सांभाळता सांभाळता एक भलताच फटका मारायला गेला आणि बाद झाला. समालोचन कक्षात बसलेल्या सुनील गावसकरांनी ‘स्टुपिड’ हा शब्द लागोपाठ तीनदा उच्चारला. झालं! गावसकरांचं जुनं पाप उकरून काढण्याची अहमहमिका पुन्हा सुरू झाली. १९७५चा विश्वचषक, लॉर्ड्स, १७४ चेंडू, ३६ नाबाद. साठ षटकं खेळपट्टीवर ठाण मांडून ज्याने छत्तीस धावा केल्या त्याने आजच्या पोरांना फलंदाजी शिकवावी का, असा एकूण सूर. पंतवरची टीका बरोबर होती की चूक, या वादात मला पडायचं नाही. दोन शब्द कमी वापरले असते तरी भागलं असतं. पण त्या निमित्ताने गावसकरच्या अख्ख्या कारकिर्दीचा जो हिशेब मांडला जातो तो खोटा आहे. आणि खोटा हिशेब आकड्यांचा शेला पांघरून आला की पुष्कळांना खरा वाटतो.

(मैदानावरच्या गावसकरला मी यापुढे एकेरीतच लिहिणार आहे. विठोबालाही आपण अहो-जाहो करत नाही.)

आधी त्या छत्तीस धावांचा निकाल लावू. त्यांचं समर्थन करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ केल्या, आपण तेवढ्याच षटकांत ३ बाद १३२. गडी हातात असताना २०२ धावांनी हरणं ही नामुष्कीच होती. खुद्द गावसकरने पुढच्याच वर्षी ‘सनी डेज’ या पुस्तकात ती आपली सर्वांत वाईट खेळी असल्याचं लिहून टाकलं. पण एवढं सांगून थांबणारे पुढची पानं उलटत नाहीत. भारताचा तो आयुष्यातला तिसरा एकदिवसीय सामना होता. त्याच आठवड्यात पूर्व आफ्रिकेविरुद्ध गावसकरने ८६ चेंडूंत नाबाद ६५ केल्या आणि आपण दहा गडी राखून जिंकलो. पूर्व आफ्रिका म्हणजे काही वेस्ट इंडीज नव्हे, कबूल. मग वेस्ट इंडीजचंच घ्या. मार्च १९८३, गयानातलं बर्बिस. समोर होल्डिंग, रॉबर्ट्स, मार्शल. गावसकरने ११७ चेंडूंत ९० काढल्या, कपिलने ३८ चेंडूंत ७२, आणि वेस्ट इंडीजला त्यांच्याच घरात आपण पहिल्यांदा एकदिवसीय सामन्यात हरवलं. जूनमधल्या विश्वचषकात आपण त्यांच्यासमोर छाती काढून उभे राहिलो त्यामागे बर्बिसची ती दुपार होती. खुद्द त्या विश्वचषकात मात्र गावसकर साफ अपयशी ठरला. सहा डावांत ५९ धावा, दोन सामन्यांतून वगळलेला. हेही लिहून ठेवतो, नाहीतर टीकाकार आठवण करून देतीलच.

तर एकदिवसीय क्रिकेटचा तो थोर फलंदाज नव्हता. १०८ सामने, ३०९२ धावा, शतक एकच. ते एकुलतं एक शतकही कसं आलं पाहा. १९८७च्या ऑक्टोबरचा शेवटचा दिवस, नागपूर. विश्वचषकाच्या गटात पहिलं यायचं तर न्यूझीलंडच्या २२१ धावा झपाट्याने पार करणं भाग. अडतीस वर्षांचा माणूस, अंगात ताप, आणि ८८ चेंडूंत नाबाद १०३. तेहतिसाव्या षटकात सामना खलास. चेतन शर्माची हॅटट्रिक त्याच सामन्यातली. नागपूरकरांना एका तिकिटात दोन खेळ बघायला मिळाले.

‘त्याला मारता येत नव्हतं’ हा तर शुद्ध अज्ञानाचा भाग. १९८३च्या ऑक्टोबरात कानपूरला मार्शलच्या एका चेंडूने त्याच्या हातातली बॅट उडवली. दोन डावांत मिळून सात धावा. संपला, संपला असं सगळे म्हणू लागले. पुढची कसोटी दिल्लीला. गावसकर उतरला तो मार्शलला हूक करतच. अर्धशतक ३७ चेंडूंत, शतक ९४ चेंडूंत, एकूण १२१. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी झाली ती अशी. म्हणजे फटके भात्यात होते. रोज काढायचे नाहीत हे त्याने ठरवलं होतं. का ठरवलं होतं, हे कळायला त्याच्या मागून येणारी फलंदाजी आठवावी लागते. १९७४च्या दौऱ्यात मँचेस्टरच्या थंडीत, ओल्या हवेत त्याने १०१ काढल्या, आणि लगेच पुढच्या कसोटीत लॉर्ड्सवर अख्खा भारत ४२ धावांत गुंडाळला गेला. असा संघ पाठीशी असताना पहिल्या तासात हूक मारून तंबूत परतणं ही चैन होती. ती त्याला परवडणारी नव्हती.

आता वेस्ट इंडीजचा मुद्दा. हा आरोप जरा अभ्यासू मंडळी करतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. वेस्ट इंडीजविरुद्ध २७ कसोटींत २७४९ धावा आणि १३ शतकं हा आकडा दिपवणारा आहे खरा, पण त्यातली चार शतकं १९७१ची. तेव्हा हॉल-ग्रिफिथ गेले होते आणि रॉबर्ट्स-होल्डिंग यायचे होते. आणखी चार १९७८-७९ची. तेव्हा त्यांचे बिनीचे खेळाडू पॅकरच्या बंडखोर क्रिकेटच्या तंबूत होते. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. १९८३च्या कॅरिबियन दौऱ्यात जॉर्जटाउनचं नाबाद १४७ सोडलं तर त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही, हेही खरं. तेरापैकी आठ वजा करा. उरली पाच. दोन १९७६ची, होल्डिंग संघात असताना. तीन १९८३ची, मार्शल-होल्डिंग ऐन भरात असताना. या तिनांतलं शेवटचं चेन्नईचं, नाबाद २३६. त्याआधी कोलकात्यात सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर मार्शलने त्याला बाद केलं होतं, लोकांनी हुर्यो उडवली होती. म्हणून चेन्नईला तो चौथ्या क्रमांकावर यायचा होता. आला तेव्हा फलकावर दोन बाद शून्य. क्रमांक बदलला, चेंडू नवाच राहिला. त्या मालिकेत सहा कसोटींत त्याच्या ५०५ धावा झाल्या, आणि ती मालिका आपण ३-० अशी हरलो. हेल्मेट न घालता, पाच फूट पाच इंच उंचीच्या सलामीवीराने त्या काळच्या वेस्ट इंडीजपुढे याहून जास्त काय करायचं होतं, ते टीकाकारांनी सांगावं.

आणि ‘१९७१चा मारा दुबळा’ म्हणताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. दुबळा होता तर बाकीच्यांनी का नाही धुतला? एकवीस वर्षांचं पोर, बोटाला झालेल्या नखुरड्यामुळे पहिली कसोटी हुकलेली, आणि उरलेल्या चार कसोटींत ७७४ धावा. पदार्पणाच्या मालिकेत एवढ्या धावा आजवर जगात दुसऱ्या कुणी केलेल्या नाहीत. ना धुवाधार पिढीतल्या कुणी, ना दुबळ्या माऱ्यावर ताव मारणाऱ्या कुणी.

लोकप्रियतेबद्दल एक वाक्य नेहमी फेकलं जातं: लोकांनी गावसकरला मान दिला, जीव लावला तो विश्वनाथला, कपिलला, पुढे सचिनला. वाक्य गुळगुळीत आहे, पण पोकळ आहे. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. म्हणजे ज्या खेळीने गावसकर घराघरांत गेला ती त्या घरांतल्या कुणीही पाहिलेली नव्हती! वेस्ट इंडीजचा खेळ आपल्याकडे रात्री. सकाळी पेपर उघडला की आकडा. तेवढ्यावर लोक वेडे झाले. मायदेशातल्या सामन्यांत बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानाला लावून कचेऱ्यांत फायली हलत, आणि आत येणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘स्कोर काय?’ नसे, ‘गावसकर आहे?’ असे. तो बाद झाला की रेडिओचा आवाज कमी होई. ही लोकप्रियता नव्हे तर काय म्हणायचं? त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने त्याच्यावर कॅलिप्सो रचला, तो आपली भिंत पाडणाऱ्या परक्या पोराबद्दल. आपल्याकडे तर त्याला ‘सावली प्रेमाची’ या मराठी चित्रपटात नायक केलं, मराठी गाणं गायला लावलं. (अभिनयाबद्दल बोलायलाच हवं असं नाही.) अहमदाबादला १९८७च्या मार्चमध्ये दहा हजारावी धाव निघाली तेव्हा प्रेक्षक मैदानात घुसले आणि खेळ थांबवावा लागला. निव्वळ मान असलेल्या माणसासाठी कुणी कुंपण ओलांडत नाही.

तो अवघड माणूस होता, हे मात्र खरं. मेलबर्नला १९८१मध्ये पायचीत दिल्यावर चेतन चौहानला बरोबर घेऊन मैदान सोडायला निघाला. व्यवस्थापकांनी चौहानला सीमारेषेवर अडवलं म्हणून बरं, नाहीतर पुढे कपिलने ऑस्ट्रेलियाला ८३ धावांत उखडून जिंकून दिलेली कसोटी आपण घालवून बसलो असतो. १९८७मध्ये पाकिस्तानविरुद्ध ईडनवर खेळायला चक्क नकार दिला. हट्टीपणा, खडूसपणा, तिरकस बोलणं, सगळं होतं. ते दोष माणसाचे आहेत. त्यांचे मार्क फलंदाजीच्या पेपरातून कापू नयेत.

आता मुख्य आरोप, ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच. गावसकरची कसोटी शतकं ३४. त्यांतल्या ज्या सामन्यांत भारत जिंकला अशी शतकं सहा, हरला अशी सहा, अनिर्णित बावीस. आकडे अचूक आहेत. त्यावरून निष्कर्ष असा, की गावसकरच्या शतकांनी भारताचं काही भलं झालं नाही. तो सामना वाचवायला आणि सरासरी वाढवायला खेळला. जोडीला विश्वनाथचं उदाहरण असतंच: त्याची शतकं १४, आणि त्यांतल्या एकाही सामन्यात भारत हरला नाही.

हा निष्कर्ष १९७१च्या मालिकेला लावून बघा. पाच कसोटी. दुसरी, पोर्ट ऑफ स्पेनची, आपण जिंकलो. गावसकरच्या ६५ आणि नाबाद ६७. शतक नाही, म्हणून या हिशेबात शून्य. मग जॉर्जटाउनला ११६. अनिर्णित. ब्रिजटाउनला चौथ्या डावात नाबाद ११७. अनिर्णित. शेवटी पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनला, दाढ ठणकत असताना, १२४ आणि २२०. अनिर्णित. म्हणजे चार शतकं, विजय एकाही शतकाला नाही. आणि मालिका? भारताने १-० अशी जिंकली. वेस्ट इंडीजविरुद्धचा आपला पहिला मालिकाविजय, तोही त्यांच्या भूमीवर. त्या तीन अनिर्णित सामन्यांतला एक जरी हातातून गेला असता तर वाडेकरच्या संघाची मुंबईत मिरवणूक निघाली नसती. एक सामना जिंकून उरलेले न हरणं याला मालिका जिंकणं म्हणतात, आणि न हरण्याचं काम तो एकवीस वर्षांचा पोरगा करत होता. १९७८-७९चंही तेच. गावसकर कर्णधार, चार शतकं, चारही अनिर्णित सामन्यांत, आणि सहा सामन्यांची मालिका १-० भारताची. समोरचा संघ दुय्यम होता हे वर मान्य केलंच आहे. इथे मुद्दा मोजमापाचा आहे.

हे मोजमाप खुद्द विश्वनाथवरही अन्याय करतं. १९७५च्या जानेवारीत चेन्नईला अँडी रॉबर्ट्स आग ओकत असताना १९० धावांच्या डावात विशीने नाबाद ९७ काढल्या. जाणकार तिला त्याची सर्वश्रेष्ठ खेळी मानतात. आपण ती कसोटी जिंकलो. पण शतकाला तीन धावा कमी पडल्या, म्हणून ‘शतकं आणि विजय’ या कोष्टकात ती नाही. ज्या कोष्टकात ही खेळी बसत नाही ते कोष्टक घेऊन क्रिकेटवर बोलू नये.

मुळात कसोटी जिंकायला वीस गडी बाद करावे लागतात, आणि ते काम फलंदाजाचं नाही. कपिल येईपर्यंत, म्हणजे १९७८पर्यंत, आपल्याकडे वेगवान गोलंदाजी नावाची वस्तूच नव्हती. नवा चेंडू घ्यायला कधी अबिद अली, कधी सोलकर, आणि कधी चक्क गावसकर! हो, कसोटी सामन्यात सलामीला फलंदाजी करणारा हा माणूस सलामीची गोलंदाजीही टाकायचा. उद्देश गडी बाद करण्याचा नसेच. दोन-चार षटकांत चेंडूची चकाकी घालवायची आणि तो बेदीच्या हातात द्यायचा. (कारकिर्दीत एकच बळी मिळाला. पण तो झहीर अब्बासचा, हे सांगायला गावसकर विसरत नाही.) ज्या संघात नवा चेंडू लवकर जुना करण्याची घाई, त्या संघाच्या सलामीवीराकडे विजयांची संख्या मागणारे क्रिकेट पाहत नाहीत, फक्त मोजतात.

पराभवातली सहा शतकं तर टीकाकारांनी काढूच नयेत, त्यांच्याच अंगावर येतील. ब्रिस्बेन, १९७७: चौथ्या डावात ३४१ हवे होते, गावसकर ११३, हरलो १६ धावांनी. पर्थ, पुढचीच कसोटी: गावसकर १२७, ऑस्ट्रेलियाने ३३९ पार केल्या, दोन गडी राखून. कराची, १९७८: दोन्ही डावांत शतक, १११ आणि १३७, तरी शेवटच्या दुपारी पाकिस्तानने लक्ष्य धावत गाठलं. फैसलाबाद, १९८३: सलामीला आला आणि २८६च्या डावात शेवटपर्यंत नाबाद राहिला, १२७, भारतीय फलंदाजाने असं पहिल्यांदाच केलं. मँचेस्टरचं वर आलंच. यांतल्या कुठल्या सामन्यात गावसकरने आणखी काय करायला हवं होतं?

‘सामना वाचवायला खेळला’ म्हणणाऱ्यांनी चौथ्या डावाकडे बघावं. तिथे खेळपट्टी तुटलेली असते, पाय थकलेले असतात, आणि सरासरी सांभाळणारे इथेच उघडे पडतात. गावसकरच्या चौथ्या डावातल्या धावा १३९८, सरासरी ५८.२५. त्याच्या एकूण ५१.१२ या सरासरीपेक्षा जास्त! १९७६, पोर्ट ऑफ स्पेन, ४०३चं लक्ष्य: गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर ८५, भारत ४ बाद ४०६. तोवर एवढं लक्ष्य फक्त ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाने गाठलं होतं. लॉइडच्या तिन्ही फिरकी गोलंदाजांना आपण असं दमवलं की त्याने फिरकीवरचा विश्वासच सोडला आणि चौघा वेगवानांचा तोफखाना उभा केला. १९७९, ओव्हल, ४३८चं लक्ष्य: चौहानबरोबर २१३ची सलामी, मग एकट्याच्या २२१. तो चौथा बाद झाला तेव्हा ३८९ झाल्या होत्या. उरलेल्या ४९ बाकीच्यांना जमल्या नाहीत. ८ बाद ४२९वर वेळ संपली, नऊ धावा कमी. कोष्टकात नोंद: अनिर्णित. १९८६, चेन्नई, ३४८चं लक्ष्य: गावसकर ९०, भारत ३४७, सामना बरोबरीत.

आणि १९८७चा मार्च, बंगळुरू. पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्या चारही कसोटी अनिर्णित, ही पाचवी. खेळपट्टी पहिल्या दिवसापासूनच फुटलेली. पाकिस्तान ११६, मनिंदरचे सात बळी. भारत १४५. पाकिस्तान २४९. आपल्याला हव्या होत्या २२१. इक्बाल कासिमचा एक चेंडू गुडघ्याखाली राही, पुढचा त्याच टप्प्यावरून छातीशी उसळे. तौसीफ अहमद दुसऱ्या बाजूने ऑफस्पिन आत आणत होता, बॅट-पॅडजवळ माणसांचं कडं. गावसकर बॅट सैल धरून, चेंडू अगदी शेवटच्या क्षणापर्यंत पाहून, नाकाखाली खेळत होता. कड लागली तरी चेंडू हातापर्यंत पोहोचू नये म्हणून. २६४ चेंडू तो असा उभा राहिला. दुसऱ्या एकाही भारतीय फलंदाजाला तिशी गाठता आली नाही. ९६वर कासिमचा एक चेंडू उसळून स्लिपमध्ये गेला. आठ बाद १८०. भारत २०४ धावांत आटोपला.

तो गावसकरचा शेवटचा कसोटी डाव होता. शतक झालं नाही आणि सामना आपण १६ धावांनी गमावला, म्हणून त्या कोष्टकात या खेळीसाठी रकानाच नाही. भारतीय फलंदाजाने चौथ्या डावात खेळलेल्या खेळींची यादी मी करायला बसलो, तर तिच्यात बंगळुरूच्या ९६ धावा पहिल्या असतील.